आईबाबांना डिसेंबर २०२१ मध्ये न्यू जर्सीला बोलवायचंय, कोविडच्या नियमांत तयारी कशी करायची?

(हे उत्तर नोव्हेंबर २०२१ चं आहे. यातले कोविडचे नियम, टेस्टचे दर, मुदती आणि विमानांची स्थिती तेव्हाची, आता ती लागू धरू नका.) ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही एडिसनला, जानेवारीत बाळंतपण, आईबाबा इथे ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याला दोघंच. बाबा ६८ चे, बीपी आणि शुगर, इन्सुलिन चालू. आई ६३ ची, दुसऱ्या लाटेत कोविड होऊन गेला म्हणून लस उशिरा घेतली आणि दुसरा डोस आत्ता १२ नोव्हेंबरला झालाय. दोघांची कोविशील्ड, दोघांकडे व्हिसा आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघावं असं तुम्हाला वाटतंय, तर कुठलं विमान, कुठली टेस्ट, काय काय कागद, असं विचारलंय. सगळं एका दमात सांगते, थोडं लांबेल.

मी नौपाड्यात तिकिटांचं काम करते, बरीच वर्षं झाली. पण मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हापासून माझं निम्मं काम म्हणजे लोकांचे कागद तपासणं झालंय. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते, आत्ताच्या काळात माणूस विमानतळावरून परत येतो तो बहुतेक वेळा दोनच गोष्टींमुळे, नाव जुळत नाही किंवा वेळ जुळत नाही. व्हिसा असतो, तिकीट असतं, लस झालेली असते, टेस्ट निगेटिव्ह असते आणि तरी अडतं. कारण काउंटरवरची मुलगी तुमची गोष्ट ऐकायला बसलेली नसते, ती समोर टायमॅटिक नावाची सिस्टीम उघडते, त्यात त्या देशाचा त्या दिवसाचा नियम असतो, आणि हातातला कागद त्याला जुळतोय का एवढंच बघते. जुळत नसताना तिने पाठवलं तर एअरलाईनला दंड, शिवाय माणूस परत आणायची जबाबदारी, त्यामुळे ती रिस्क घेत नाही आणि तिचं बरोबरच आहे. तिकीट काढलं त्या दिवशी काय नियम होता हे तिथे कुणीच विचारत नाही.

आता तुमच्या केसचं. अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ पासून दरवाजा उघडलाय, पण व्हिजिटर व्हिसावाल्यांना दोन्ही डोस हवेत आणि शेवटच्या डोसनंतर १४ दिवस झालेले हवेत. आईचा डोस १२ ला, म्हणजे २६ नोव्हेंबरपासून ती या नियमात बसते. २६ चंच तिकीट काढू का असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणते, मधे चार-पाच दिवस सुटे राहू द्या, सर्टिफिकेट दुरुस्त करायला लागलं तर ते दिवस कामाला येतात. कोविशील्डला डब्ल्यूएचओची मान्यता फेब्रुवारी २०२१ पासूनच आहे त्यामुळे लसीचा प्रश्न नाही, आणि कोवॅक्सिनवाल्यांचंही आता ३ नोव्हेंबरपासून सुटलंय, बाकी कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी.

समजा शनिवार ४ डिसेंबरचं तिकीट काढलं. मुंबईहून लांबची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे तिकिटावर ४ डिसेंबर, रात्री १:३० असं लिहिलेलं असेल तर घरून निघायचंय शुक्रवारी ३ तारखेला संध्याकाळी. हे वाचताना सोपं वाटतं पण शनिवारी रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोचलेली शिकलीसवरलेली माणसं मी बघितलीत. आईबाबांच्या कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकोनात पेनाने मोठ्ठं लिहून ठेवायला सांगा, "आज रात्री ८ ला घर सोडणे", फक्त तिकिटाची तारीख लिहू नका.

विमान कुठलं, तर माझं मत स्पष्ट आहे, थेट. मुंबई ते नेवार्क (न्यू जर्सीतला विमानतळ) थेट विमान आहे, साधारण सोळा तास, आणि एडिसन तिथून जवळ. दोहा किंवा फ्रँकफर्टवरून वीस-पंचवीस हजार वाचतील कदाचित, पण मधे एक देश आला की त्याचे नियम आले आणि ते कधी बदलतील सांगता येत नाही. या वर्षी, २०२१ मध्ये, कॅनडाने भारतातून थेट विमानं बंद केली तेव्हा पोरांना तिसऱ्या देशात उतरून तिथे टेस्ट करून मग पुढे जावं लागत होतं, काहींना तिथेच हॉटेलात दिवस काढावे लागले. ६८ वर्षांच्या इन्सुलिनवाल्या माणसाला त्यात घालू नये. शिवाय आपल्याकडून नेहमीची शेड्यूल्ड इंटरनॅशनल विमानं आत्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये अजून सुरू नाहीत, सगळं एअर बबलवर, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवलेल्या खास विमानांवर चाललंय, आणि कुठल्या बबलमधून पुढे तिसऱ्या देशात जाता येतं याचे नियम प्रत्येक देशाबरोबर वेगळे आहेत. मधे उतरणारंच तिकीट घ्यायचं झालं तर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर हवा, दोन वेगळी तिकिटं जोडून नको. अमेरिकेच्या टेस्टची मुदत पहिल्या विमानापासून मोजतात ती एकाच बुकिंगवर असेल आणि मधला थांबा २४ तासांच्या आतला असेल तरच.

तिकीट काढताना तारीख बदलायला किती पैसे आणि कॅन्सल झालं तर पैसे परत की क्रेडिट, हे दोन प्रश्न विचारून उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको. लॉकडाऊनमधल्या तिकिटांच्या रिफंडसाठी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल आला. त्यामुळे एजंटकडून घ्या नाहीतर एअरलाईनच्या साईटवरून घ्या, पण रात्री दोन वाजता फोन उचलेल अशा ठिकाणाहून घ्या.

आता नावाचं. आजच्या आज दोघांची कोविनवरची (लसनोंदणीची सरकारी साईट) सर्टिफिकेट उघडा आणि शेजारी पासपोर्टचं पहिलं पान ठेवा. लस घेताना बहुतेकांनी आधार दाखवलं, आणि आपल्याकडे बायकांचं आधार एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, हे घरोघरी आहे. पासपोर्ट लग्नाआधीच्या आडनावाचा, नाहीतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे आणि कोविनवर नुसतं नाव-आडनाव. मधलं नाव गाळलेलं असेल आणि सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर छापलेला असेल तर सहसा अडत नाही, पण आडनावच वेगळं किंवा स्पेलिंग वेगळं असेल तर दुरुस्त करायचंच. कोविनवर लॉगिन केल्यावर रेझ ॲन इश्यू म्हणून पर्याय आहे, त्यात पासपोर्ट नंबर जोडता येतो, आणि नाव, जन्मवर्ष, लिंग यातली चूक सुधारता येते. ही सुधारणा एकदाच मिळते असं धरून चाला, म्हणून आठवणीने टाईप करू नका, पासपोर्टवर बघून एकेक अक्षर टाका आणि सबमिट करायच्या आधी दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. मग इंटरनॅशनल ट्रॅव्हलचं सर्टिफिकेट डाउनलोड करा, त्यावर जन्मतारीख पूर्ण येते, साध्यावर नुसतं वय किंवा वर्ष असतं.

तुम्ही लिहिलंय की बाबांचा पहिला डोस शेजारच्या मुलाच्या मोबाईलवरून बुक केला होता आणि दुसरा त्यांच्या स्वतःच्या. मग बहुतेक सिस्टीममध्ये बाबा दोन वेगळी माणसं म्हणून बसलेत, प्रत्येकाचा पहिलाच डोस! दोन्ही सर्टिफिकेटवर पहिला डोस दिसत असेल तर त्याच रेझ ॲन इश्यूमध्ये दोन सर्टिफिकेट एकत्र करायचा पर्याय आहे. याला वेळ लागतो, त्यामुळे हे सगळ्यात आधी, तिकिटाच्याही आधी. शेजारच्या मुलाला ओटीपीसाठी घरी बसवून ठेवा. आणि ओटीपीवरून आठवलं, दोघांचे इथले सिम बंद करू नका, रोमिंगवर जिवंत ठेवा, तिकडे गेल्यावर कोविनला लॉगिन करायचं किंवा बँकेचं काही करायचं तर ओटीपी इथल्याच नंबरवर येणार.

टेस्ट. अमेरिकेला आत्ता, नोव्हेंबर २०२१ मध्ये, लस झालेल्या प्रवाशाची टेस्ट निघायच्या आधी तीन दिवसांच्या आतली चालते. हे तीन दिवस कॅलेंडरचे आहेत, ७२ तास नाहीत, आणि मोजायचे सँपल घेतल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नाही. ४ डिसेंबरच्या विमानाला १ डिसेंबरला कधीही सँपल दिलं तरी चालतं. मी बुधवारी १ तारखेला सकाळी सकाळीच द्या म्हणते. बुधवार रात्री किंवा गुरुवार सकाळी रिपोर्ट येईल आणि काही घोळ असेल तर गुरुवार-शुक्रवार हातात राहतात. लोक उलटं करतात, जितकं उशिरा तितकं ताजं म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी सँपल देतात आणि रिपोर्टची वाट बघत विमानतळावर बसतात. ताज्या रिपोर्टला जास्त मार्क नाहीत.

घरी येऊन सँपल नेणारे मिळतात, आपल्या राज्य सरकारने २०२१ मध्ये आरटीपीसीआरचा दर लॅबला जाऊन दिलं तर ५०० आणि घरी ८०० असा बांधून दिलाय, त्याहून जास्त कुणी मागितलं तर बिल मागा. आधी फोनवर विचारून घ्या, आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) मान्यता आहे ना, रिपोर्टवर क्यूआर कोड, पासपोर्ट नंबर आणि सँपल घेतल्याची तारीख-वेळ येते ना. सँपल न्यायला येणाऱ्या मुलाला आधार देऊ नका, पासपोर्टच दाखवा, आणि त्याने फॉर्मवर काय लिहिलं ते तिथेच वाचा.

मागच्या महिन्यात माझ्याकडे पाचपाखाडीच्या एक काकू होत्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून घरात आनंदीआनंद, मुलाने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मी बघते तर वय ६३ च्या जागी ३६ आणि लिंगापुढे मेल. दोन्ही लॅबच्या टायपिंगच्या चुका. सँपल वेळेत दिलेलं होतं म्हणून लॅबला फोन करून संध्याकाळपर्यंत सुधारलेला रिपोर्ट हातात आला. हेच विमानाच्या तीन तास आधी कळलं असतं तर लॅब बंद आणि काकू घरी. म्हणून रिपोर्ट आला की निगेटिव्ह शब्दावर थांबू नका, वरपासून खालपर्यंत वाचा.

दुसरा दिलासा असा की अमेरिका अँटिजेन टेस्टही घेते, आरटीपीसीआरच हवी असं नाही. त्यामुळे रिपोर्ट अडकलाच तर लॅबमधून अँटिजेन करून छापील रिपोर्ट घेता येतो. घरी किटवर केलेली चालणार नाही, त्यावर तारीख नाही, नाव नाही. आणि ज्यांना गेल्या तीन महिन्यांत कोविड होऊन गेलाय त्यांची आरटीपीसीआर बरं झाल्यावरही बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यांनी जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट, ९० दिवसांच्या आतला, आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र, या दोन्हीवर जाता येतं. तुमच्या आईला आता सहा महिने होऊन गेले, तिला हे लागू नाही, तिची साधी टेस्टच.

याशिवाय एक अटेस्टेशन फॉर्म असतो, दोघांचा वेगवेगळा, एअरलाईनच देते, लस आणि टेस्टबद्दल स्वतः लिहून द्यायचं. आणि अमेरिकेतला पत्ता, फोन, ईमेल एअरलाईनला द्यावा लागतो. तुमचा पूर्ण पत्ता झिपकोडसकट आणि तुमच्या नवऱ्याचा नंबर कागदावर लिहून बाबांच्या शर्टाच्या खिशात असू द्या. सगळ्या कागदांचे प्रिंट तीन सेट, एक आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या हँडबॅगेत, एक चेक-इन बॅगेत. मोबाईलवर असतंच, पण रांगेत चार्जिंग संपतं आणि चष्मा लावून पीडीएफ शोधत बसणं या वयात नको.

आता मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते ते. तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात, हॉल बुक, आणि गेल्या वर्षी राहिलेली लग्नंसुद्धा याच वर्षी उरकतायत. आईबाबांना किमान दोन तरी पत्रिका आल्याच असतील. शिवाय मुलीकडे बाळंतपणाला निघालेत म्हटल्यावर सगळी सोसायटी भेटायला येणार, कुणी डिंकाचे लाडू, कुणी बाळंतविडा, कुणी नुसतंच पाच मिनिटं म्हणून अर्धा तास. निघायच्या आधीचे दहा-बारा दिवस हे सगळं बंद. पॉझिटिव्ह आलं तर नुसतं तिकीट पुढे जात नाही, जानेवारीत तुमच्याजवळ आई नसेल. आहेराचं पाकीट कुणाबरोबर तरी पाठवा, भेटायला येणाऱ्यांना फोनवर सांगा, लाडू वॉचमनकडे ठेवायला सांगा. लोकांना वाईट वाटेल असं आईला वाटणार, तर तुम्ही स्वतः मावशी-आत्यांना फोन करून सांगा की मीच नाही म्हटलंय, मुलीने सांगितलं की वाईटपणा आईवर येत नाही.

लाडू न्यायला हरकत नाही, फक्त अमेरिकेच्या कस्टमला खाण्याच्या वस्तू आहेत असं सांगायचं, लपवायचं नाही. सांगून काढून घेतलं तर लाडू जातात, न सांगता सापडलं तर दंड.

बाबांचं इन्सुलिन चेक-इन बॅगेत अजिबात नको. खाली सामानात गारठून गोठू शकतं आणि एकदा गोठलं की ते फेकायचं. सगळं हातातल्या बॅगेत, कूल पाऊचमध्ये, पण जेलपॅकला थेट चिकटवून नको, मधे रुमाल. वापरात असलेलं पेन साधारण महिनाभर बाहेरच्या तापमानाला टिकतं त्यामुळे प्रवासातल्या पेनची फार चिंता नको. सुया, ग्लुकोमीटर, गोळ्या मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांचं टाईप केलेलं प्रिस्क्रिप्शन, लेटरहेडवर, औषधांची जेनेरिक नावं घालून, कारण इथली ब्रँडची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. वेळेचा प्रश्न मोठा आहे, डिसेंबरात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. विमानात कुठला डोस किती वाजता आणि उतरल्यावर पहिला कधी, हे डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळेनुसार लिहून घ्या. त्याच भेटीत फ्लू आणि डांग्या खोकल्याचा बूस्टर विचारून घ्या. तिकडचे डॉक्टर नवजात बाळाला हात लावणाऱ्या आजीआजोबांना हे दोन्ही घ्यायला सांगतात, आणि बाळाला भेटायच्या दोन आठवडे तरी आधी. आपल्याकडे सध्या, २०२१ मध्ये, कोविड लस आणि दुसरी लस यात चौदा दिवस ठेवतात, म्हणजे आईचं २६ नोव्हेंबरनंतर बसेल.

इन्शुरन्सशिवाय पाठवू नका, तिकडे हॉस्पिटलची एक रात्र आपल्या इथल्या ऑपरेशनपेक्षा महाग पडू शकते. पॉलिसी घेताना तीन गोष्टी लेखी विचारा. कोविड झाला तर इतर आजारासारखा धरणार का, शुगर-बीपीमुळे काही झालं तर किती देणार (बऱ्याच पॉलिसी जीवाला धोका असेल तेवढंच धरतात), आणि मुक्काम वाढला तर तिकडून वाढवता येते का. शुगर लपवून स्वस्तात घेऊ नका, क्लेमच्या वेळी पहिलं तेच निघतं.

प्रवासाच्या दिवशी मानपाड्याहून सहार विमानतळावर रात्री साधारण तासाभरात पोचतात असं बाबा म्हणतील, पण मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोड अरुंद झालाय, रात्री ट्रक सुटतात, कापूरबावडी-माजिवड्यालाच अर्धा तास जातो, पुढे जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) भरवसा नाही. विमानाच्या चार तास आधी विमानतळाच्या दारात हवं असं धरून निघा. व्हीलचेअर दोघांसाठी बुकिंगच्या वेळीच मागा. आपण चालू शकतो म्हणून बाबा नको म्हणतील, तर त्यांना सांगा की ती रांगेसाठी आणि नेवार्कला इमिग्रेशनपर्यंत कुणीतरी बरोबर असावं म्हणून आहे.

मास्क व्हॉल्व्हवाला नको, बऱ्याच एअरलाईन चालू देत नाहीत. साधा एन-९५, दोघांना तीन-तीन. विमानातली हवा हेपा फिल्टरमधून सारखी फिरत असते, त्यामुळे लोक समजतात तेवढी ती वाईट नाही, जास्त धोका रांगेत, बसमध्ये आणि सगळे एकदम मास्क काढून जेवतात तेव्हा. शेजारच्याचं जेवण होऊन मास्क लागला की मग आपण जेवायचं. बाबांनी मात्र इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवायचं नाही, त्यांनी आधी जेवावं, आई थांबेल. बाबांना आईलची, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट, दर दोन तासांनी उठून चालायचं, पाणी प्यायचं. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं हे आपल्या सगळ्या ज्येष्ठांचं असतं, ते सोळा तासांत पायाला महागात पडतं.

पोचल्यावर तिकडचा सध्याचा (२०२१ चा) सल्ला तीन ते पाच दिवसांनी टेस्ट करायचा आहे, ती करा. तोपर्यंत आईबाबांनी घरात मास्क लावावा, जेवण वेगळं, झोपायची खोली वेगळी. तुमचे दिवस भरत आलेत, गरोदरपणात कोविड जास्त त्रास देतो, त्यामुळे पहिल्या दिवशी मिठी नको. अवघड आहे, पण पाच दिवसच.

परतीचं तिकीट काढताना इमिग्रेशनने आय-९४ वर (अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्याची नोंद) दिलेली तारीख बघा, साधारण सहा महिने मिळतात पण धरून चालू नका, ऑनलाईन दिसते ती. आणि परत येताना आत्ताचे (२०२१ चे) नियम उलटे आहेत, भारताला अँटिजेन चालत नाही, आरटीपीसीआरच, ७२ तासांच्या आतली, आणि एअर सुविधा या सरकारी साईटवर रिपोर्ट अपलोड करून फॉर्म भरायचा. तुमच्याकडे सध्या फार्मसीत टेस्ट फुकट होते पण रिपोर्ट कधी दोन दिवस, कधी चार दिवस लावतात, त्यामुळे वेळेत रिपोर्ट द्यायची हमी देणारी जागा परतीच्या बरंच आधी शोधून ठेवा. आत्ता मात्र बाबांच्या दोन सर्टिफिकेटचं बघा, ते झालं की मगच तिकीट.